पिंपांचा पूल

फौजेतून निवृत्त झाल्यावर काकांनी घराचा ताबा घेतला. रोज सकाळी चादरींची तपासणी, आठवड्यातून एकदा आग लागल्याची तालीम. दूधवाल्याला परवलीचा शब्द विचारला, त्यानं दूध बंद केलं. तेव्हा काकू शांतपणे म्हणाली, "नोकरी बघा, नाहीतर कुठेतरी लढाई लावून द्या. मला घर हवंय, छावणी नको."

काकांनी अर्ज पुष्कळ केले होते. सगळीकडून एकच सल्ला: ओळखी वाढवा. म्हणून माजी सैनिक आणि कंपन्यांची गाठ घालून देणाऱ्या मेळाव्याला मी त्यांना नेलं. आदल्या दिवशी दिवसभर शिकवणी घेतली.

"काका, लाजायचं नाही. तुम्ही केलेलं तुमच्या नावावर सांगायचं. पुराच्या रात्री पिंपांचा पूल बांधलात ना, तोच सांगा."

"बढाई होते रे."

"नोकरीच्या बाजारात तिला अनुभव म्हणतात."

हॉलमध्ये छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवलेले माजी सैनिक भिंतीशी रांगेत उभे होते. ओळखी वाढवायला आलेले सगळे एकमेकांना आधीपासूनच ओळखत होते. कंपनी एकच आली होती, बांधकामाची, आणि जागाही एकच होती: साइट मॅनेजरची. कंपनीच्या बाई दोघादोघांना एकदम बोलवत होत्या. काकांच्या शेजारच्या खुर्चीत कोण यावं, तर त्यांचे जुने साहेब. तेही निवृत्त, तेही बेकार. काका ताडकन उभे राहिले. त्यांना बघून बाईही उभ्या राहिल्या.

"अडचणीच्या वेळी केलेलं एखादं काम सांगा," सगळे बसल्यावर बाई म्हणाल्या.

काका साहेबांकडे बघत राहिले. साहेबांच्या आधी तोंड उघडणं त्यांना उभ्या नोकरीत जमलं नव्हतं. साहेबांनी घसा खाकरला आणि पुराच्या रात्री आपण पिंपांचा पूल कसा बांधला ते सांगितलं.

त्या रात्री साहेब तापानं तंबूत पडून होते. हे आमच्या दूधवाल्यालासुद्धा माहीत होतं.

"तुम्ही होतात तिथं?" बाईंनी काकांना विचारलं.

मी मागून काकांची खुर्ची ढोसली. काकांनी टाचा जुळवल्या. "होय मॅडम. साहेबांचाच पूल."

नेमणूक तिथल्या तिथं झाली.

घरी पोचलो तर काकू दारातच उभी होती. "काय झालं?"

"नोकरी लागली."

"अगबाई. कधीपासून जायचंय?"

"साहेबांना लागली."

आत जाऊन काकूनं घडी केलेल्या सगळ्या चादरी विस्कटून टाकल्या. सकाळी काकांनी तपासणी केली नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. कंपनीत त्या पुलावर भाषण द्यायचं होतं, आणि पिंपं एकमेकांना कशी जोडली होती ते त्यांना आठवत नव्हतं. काका फ्रिजपाशी सावधान उभे राहून सांगत गेले. दोर कुठला, गाठ कुठली, दोर घेऊन आधी पाण्यात कोण उतरला, कोण परत आला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, एक आगाऊपणा करतो. बोलताना लाजू नका. आपल्या नावावर सांगायचं. पुतण्यानं शिकवलंय."