पोचलेल्या नोटिसा

नांदूरघाटाच्या अलीकडच्या त्या गावात निजामाच्या काळातलं दगडी टपालघर आहे. टपाल कधीच भाड्याच्या खोलीत गेलं आणि इमारत ऊसतोड मजुरांच्या सोसायटीला मिळाली. उन्हाळ्यातल्या सभेत ठरलं, आईबाप तोडीला गेले की पोरांनी इथं राहायचं, शाळा सोडायची नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या सुभद्राबाईच्या. तिची लेक सातवीत पहिली आली होती.

पोस्टमन रामहरी भलता हळवा. ‘घराला कुलूप’ असा शेरा मारून पत्र परत धाडायचं, हा खात्याचा नियम. पण तोडीला गेलेल्यांचं एकही पत्र त्यानं कधी परत धाडलं नाही. दाराखालून सरकवायचा. आले की वाचतील बिचारे!

त्या साली पावसानं दडी मारली. दसऱ्याआधीच सत्तर घरं कारखान्याच्या वाटेला लागली. खोल्या तयार झाल्या की पोरांना आणून सोडू, असं जाताना सगळे म्हणाले. त्यांची पाठ वळते न वळते तोच सोसायटीचा चेअरमन धर्मराजनं सभेच्या सत्तर नोटिसा टपालात टाकल्या. धर्मराज म्हणजे रामहरीचा वर्गमित्र. चार दिवसांनी त्यानं रामहरीपुढं नोटिसांच्या पोचेची वही धरली. “समद्या पोचल्या ना, गड्या?” रामहरीनं ऐटीत सही ठोकली.

सभेला माणसं चार. कोरम नाही म्हणून तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं तिथंच पुन्हा भरली. तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणे! टपालघर धर्मराजच्या जावयाला गेलं, खताच्या दुकानासाठी, तीस वर्षांच्या करारानं.

दुकानाची पाटी लागली तेव्हा कुठं रामहरीच्या डोक्यात उजेड पडला.

“मला कामून फसवलंस रे?”

“नोटिसा परत आल्या असत्या तर सभा अडली असती,” धर्मराज हसून म्हणाला. “पर तू न्हाई धाडणार, म्हाईत हुतं. तुझ्यावर लई भरवसा हाय माझा.”

चांगुलपणाच हेरून केसानं गळा कापला होता. रामहरीला चार दिवस जेवण गेलं नाही.

चैत्रात सुभद्राबाई नोटीस घेऊन दारात उभी राहिली.

“आण्णा, कुलूप दिसलं न्हाई तुमाला?”

“दिसलं.”

“मग तेवढंच लिवायचं हुतं.”

मागं लेक उभी होती. उसाच्या मोळ्या बांधून बांधून तिचे हात चिरले होते. माफी मागायला रामहरीनं तोंड उघडलं, तेवढ्यात पोर म्हणाली,

“चल आये. त्यांना काय इचारती? ते बी त्यातलेच.”