सव्वासहा इंच

"किती?"

"थांब, हलू नकोस."

"हलू नकोस काय! मान हलवायलाच बसलोय ना इथं? आकडा सांग."

भाऊ स्टुलावर ताठ बसला होता. हनुवटी उजव्या खांद्याकडे वळली होती आणि रोज जिथे अडायची तिथेच अडली होती. बहिणीने खांद्याच्या हाडावर टेपचं टोक दाबलं आणि टेप हनुवटीपर्यंत नेली. सव्वासहा. कालही सव्वासहा, गेल्या आठवड्यातही सव्वासहा.

"साडेपाच," ती म्हणाली.

"गेल्या सोमवारी?"

"पावणेसहा."

"बघ!" तो उठला, भिंतीवरच्या कागदाशी गेला आणि पेन्सिलीने स्वतः आकडा लिहिला. कागद बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर चिकटवलेला होता, कारण त्याला खाली बघता येत नव्हतं. "अर्धा इंच राहिला. आणि तू म्हणत होतीस, मी बसायचाच आता घरी."

"मी कधी म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंस. तोंडावर दिसतं."

तो सव्वीस वर्षं बस चालवत होता. डेपोत त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण हॉर्न बिघडला तरी त्याचं काही अडत नसे. खिडकीतून एकदा ओरडला की रस्ता मोकळा. मग हाताला मुंग्या यायला लागल्या, बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी गळ्याला पुढून चीर देऊन मानेतले दोन मणके पट्टी बसवून जोडले. शुद्धीवर आला तेव्हा भोंग्यातून नुसती हवा निघत होती. आवाज गेला, शिव्या मात्र शाबूत राहिल्या. आता त्या ऐकायला जवळ जावं लागे, एवढाच फरक.

आणि जवळ जायला एकटी तीच होती. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून शिलाई मशीन घेऊन ती भावाच्या दारात उभी राहिली, त्याने तिला आत घेतलं, आणि तेव्हापासून त्याचं दर दुसरं वाक्य 'माझ्या घरात' असं सुरू व्हायचं. तीही काही मूग गिळून बसणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या खोलीत ती कपडे शिवायची, आतल्या खोलीत त्याच्याशी भांडायची, आणि दोन्ही कामं नेटाने करायची.

ऑपरेशननंतर तिने त्याचे बनियन पुढून कापून त्यांना चिकटपट्ट्या लावल्या, म्हणजे डोक्यावरून घालायला नकोत. मानेला बांधलेला गळपट्टा रुतायला लागला तर आतून मऊ सुती अस्तर शिवून दिलं. "कुत्र्याच्या पट्ट्याला झालर," तो म्हणाला होता. बुटांच्या नाड्या ती बांधायची. जिना उतरताना एक पायरी पुढे चालायची, कारण पाय कुठे पडतोय ते त्याला दिसत नसे. आभार वगैरे त्या घरात कोणी मानत नसे, आणि तिला ते नकोही होते. पण दिवसातून एकदा तरी त्याने गप्प बसावं, असं तिला फार वाटे.

सहा आठवड्यांनी गळपट्टा निघाला आणि व्यायाम सुरू झाले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "पाच आठवड्यांनी तपासू. दोन्हीकडे पाच इंचांवर आलं तर बस चालवायचं पत्र देईन. घरी रोज मापा."

पहिले चार दिवस तिने खरे आकडे सांगितले. चौथ्या दिवशी सव्वासहा ऐकल्यावर सुपाचा वाडगा भिंतीवर फुटला आणि गिऱ्हाईकाचा पांढरा झगा डागाळला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "सहा." त्या संध्याकाळी घरात शांतता होती. तो चक्क जेवला आणि झोपला. शांततेची चटक लागते. ती आठवड्याला पाव इंच कमी सांगत गेली. फसवायचं म्हणून नव्हे. ती दमली होती. आणि खरं सांगायचं तर, तपासणीच्या दिवशी हा तोंडघशी पडेल तेव्हा बघावं, असंही तिच्या मनात एकदोनदा येऊन गेलं होतं. त्याची तिला लाज वाटली होती, पण फार नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याचा जुना कंडक्टर भेटायला आला. त्याने भिंतीवरचा कागद वरून खाली वाचला.

"अरे वा! म्हणजे सोमवारपासून गाडीवर?"

"मग काय! माझ्या गाडीवर कोणाला बसवलंय रे?"

"आहे एक. क्लच जाळतोय तुझा."

"त्याला म्हणावं, उतर आता." दोघं हसले. भावाचं हसणं खोकल्यासारखं झालं, तरी थांबेना. आत ती चहा गाळता गाळता ऐकत होती. कंडक्टर गेल्यावर ती दारात येऊन म्हणाली, "दादा, दवाखान्यातलं माप जरा वेगळं येऊ शकतं."

"झालं? बघवत नाही ना तुला?"

तिने पुढचं बोलायला हवं होतं. पण त्याने तोंड उघडलं की तिचं मन बंद व्हायचं, ही सवय बारा वर्षांची होती.

डॉक्टरबाईंनी दोनदा मापलं. "सव्वासहा," त्या म्हणाल्या. डावीकडेही तेवढंच.

"तुमची टेप खोटी आहे," तो म्हणाला.

"टेप खोटी नसते हो."

"खोटी आहे! घरी पाच आलंय काल." तो उभा राहिला. आवाज फुटत नव्हता तरी गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "ही माझी बहीण शिलाईचं काम करते. अर्धा गाव हिच्याकडे कपडे टाकतो. हिचं माप बारा वर्षांत कधी चुकलेलं नाही, कळलं? विचारा हिला! सांग गं त्यांना!"

बारा वर्षांत त्याने तिच्याबद्दल एक चांगला शब्द काढला, तो असा.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं. "घरची टेप जुनी असेल. कापडी टेप ताणली जाते, मग आकडा कमी दाखवते."

वाट समोरच उघडी होती. मान हलवली असती तरी भागलं असतं.

"टेप नवीन आहे," ती म्हणाली. "घरीही सव्वासहाच येत होतं. मी खोटं सांगत होते."

डॉक्टरबाईंनी टेप गुंडाळली.

"महिन्यापूर्वी कळलं असतं तर व्यायाम बदलून बघितले असते," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "थोडा फरक पडला असता कदाचित. आता आशा लावत नाही. मोठी गाडी चालवायचं पत्र मी देऊ शकत नाही."

तो दाराकडे चालू लागला. वाडगा फेकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

परतीच्या बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसला आणि ती शेजारी. त्यांचा स्टॉप आला. ती उठली.

"तू उतर," तो म्हणाला.

"आणि तू?"

"मी शेवटपर्यंत जातो. तुझं तोंड बघायचं नाहीये मला."

"नको बघूस!" म्हणून ती तरातरा मागच्या दाराकडे गेली. एक पाय पायरीवर ठेवला. पायरी चांगलीच उंच होती. शेवटच्या स्टॉपवर हा उतरणार कसा? स्वतःवरच चरफडत ती मागे फिरली आणि सगळ्यात मागच्या सीटवर बसली. वळून बघता येत नव्हतं त्याला, ते एक बरं होतं.

बस सुटली. चार स्टॉप गेले, गर्दी पातळ झाली. सहज तिने वर बघितलं, तर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या मोठ्या आरशात त्याचे डोळे होते आणि ते तिच्यावरच होते. कोण चढलं, कोण उतरलं, हे तो सव्वीस वर्षं त्याच आरशात बघत आला होता.

त्याने हात वर करून या गाडीच्या, डेपोतल्याच ओळखीच्या कंडक्टरला बोलावलं. कंडक्टरने वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला, मान डोलावली आणि दांड्यांना धरत धरत तिच्यापाशी आला.

"ताई, तुमचं तिकीट मागेच संपलं. भोंगा म्हणतोय, शेवटच्या सीटवर माझी बहीण बसलीय, तिला टर्मिनसपर्यंतचं दे." तो जरा घुटमळला. "आणि पैसे तिच्याकडूनच घे, असं म्हणाला."

तिने पर्स उघडली.