आधी खडक कोणाचा ते ठरू द्या

"सफाई कोणीही केली, तरी त्यावरून कोणाचाही हक्क ठरणार नाही." तिच्या मसुद्यातलं एवढंच वाक्य होतं. साहेबांनी ते पुन्हा एकदा खोडलं आणि शांतपणे पेनाला टोपण लावलं.

खोलीत गारवा होता, अत्तराचा वास होता. ती परराष्ट्र खात्याची कायदा सल्लागार, साहेब तिथले वरिष्ठ. दोन देशांचं भांडण होतं भर समुद्रातल्या एका खडकावरून. प्रवाळाने भरलेला, बहुतेक पाण्याखालीच असलेला तो खडक इकडचे म्हणत आमचा, तिकडचे म्हणत आमचा. त्यावर एक तेलवाहू जहाज आपटून फुटलं होतं आणि काळं, चिकट तेल रोज पसरत होतं. दोन्ही किनाऱ्यांवर सफाईच्या बोटी सज्ज होत्या, पण जागच्या जागीच. एकाने पाऊल टाकलं की दुसरा निषेधाचा खलिता धाडायचा.

"साहेब, आंतरराष्ट्रीय कायदा सरळ सांगतो. वाद मिटेपर्यंत तात्पुरती तडजोड करा. पाणी कोणाचंही असो, ते नासू देऊ नका."

"मॅडम, तुमचं वाक्य ठेवलं तर आपली सफाई न्यायालयात हक्काचा पुरावा म्हणून शून्य! दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करायला बसलोय का आपण? आधी खडक कोणाचा ते ठरू द्या." त्यांनी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. तो चघळण्याचा आवाज तिला सहन होईना.

तिचा थोरला भाऊ त्याच खडकाभोवती मासेमारी करी. मासे तिथल्या कपारींत अंडी घालत आणि नेमका तोच हंगाम चालू होता. अंड्यांवर तेल बसलं तर पुढची कित्येक वर्षं जाळं रिकामं, हे दादा तिला फोनवर रोज ऐकवत होता. ती रोज "बघते" म्हणत होती. आपल्याच त्या शब्दाचा तिला आता वीट आला होता.

शेवटी दादाने वाट बघणं सोडलं. वहिनीने घरातल्या गाद्या उसवल्या, जुना कापूस पोत्यांत भरला, आणि खडकाकडे जायची बंदी झुगारून दादाची बोट निघाली. तिकडच्या किनाऱ्यावरून त्याचा जुना दोस्त टकल्याही आला. समुद्रात दोघांची जाळी अडकायची, शिव्यांतूनच दोस्ती झालेली. दोघांनी मिळून कापसाने तेल टिपलं, बादल्या भरल्या, आणि आपापल्या बंदरात येताच दोघांच्याही बोटी जप्त झाल्या.

तेल टिपणाऱ्या दादाचा आणि टकल्याचा फोटो साहेबांच्या हाती पडला तेव्हा ते अक्षरशः उड्या मारायचे बाकी राहिले.

"आपल्या माणसाने आपला खडक साफ केला! फक्त हा टकला कापून टाका. आणि भावाची सही घ्या, की सरकारच्या हुकमाने गेलो होतो. स्वतःहून गेलेल्या माणसाला न्यायालय विचारत नाही. सही केली की बोट मोकळी."

ज्याला काल गुन्हेगार ठरवलं, त्याचाच आज पुरावा! तिला किळस आली. साहेबांची आली, आणि तो कागद मुकाट्याने पर्समध्ये घालणाऱ्या स्वतःचीही आली.

दादा धक्क्यावर दगडाला टेकून बसला होता. नखांत तेल तसंच होतं.

"चिमणे, हे खोटं आहे."

"माहितीय, दादा. सही केली नाहीस तर बोट जाईल."

"टकल्यालाही असाच कागद आलाय, त्याच्या सरकारचा." दादा थुंकला. "यांना तेलाचा वास येत नाही का गं?"

तिने पेन पुढे केलं. दादाने सही केली.

"तुझ्या साहेबांना सांग, हुकूम आहे ना, मग उद्या परत जातो. पूर्वेकडच्या कपारी राहिल्यात. आता अडवून दाखवा म्हणावं."

साहेबांनी अडवलं तर नाहीच, उलट टाळ्या वाजवल्या. सोबत एक फोटोग्राफर दिला आणि एक मोठा, कोरा करकरीत झेंडा. कापूस लागेल का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट परतली तेव्हा ती धक्क्यावर उभी होती. फोटोग्राफर वासाने ओकून ओकून अर्धा झाला होता. कॅमेरा त्याने पिशवीतून काढलाच नव्हता. मागून दादा उतरला, कोपरापर्यंत काळा.

"कपारी?"

"मोकळ्या झाल्या. काही अंडी मेली, पण बरीच वाचलीत."

तिचा फोन वाजत होता. साहेब होते. त्यांना झेंड्याचा फोटो हवा होता.

"दादा, झेंडा कुठाय?"

दादाने बोटीतल्या पिंपाकडे बोट दाखवलं. तेलाने थबथबलेल्या कापसाच्या गोळ्यांत एक काळं कापड पिळून टाकलेलं होतं.

"कापूस संपला गं. हे चांगलं जाड होतं, सुती. भरपूर तेल प्यायलं." त्याने हात अंगावरच्या सदऱ्याला पुसले. "टकल्यालाही दिला होता एक, त्याच्या साहेबाने. तोही सुतीच निघाला."