मोकळं आहे, ये

गाडी गावात शिरली की आधी भोंगा ऐकू यायचा आणि मग बोलकी. गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागात डॉक्टर असायचे. रक्तदाब बघायचे, व्रणांना मलम लावायचे, कुबड्यांची झिजलेली रबरं बदलून द्यायचे. मागच्या अर्ध्या भागात अपंगांसाठीच्या नोकरी-प्रशिक्षणाची नावं लिहून घ्यायचं टेबल आणि टेबलामागे मॅडम. या दोघांच्या मधे, पायरीवर, काखेत कुबडी आणि हातात माइक घेऊन बोलकी. हे नाव ड्रायव्हरने ठेवलं आणि ते असं चिकटलं की हजेरीच्या वहीतसुद्धा मॅडम चुकून तेच लिहायच्या.

"मीही तुमच्यासारखीच," ती माइकवर सांगायची. "एक पाय लहानपणीच गेला. शाळा संपल्यावर घरात पडून असायचे. या गाडीमुळे काम शिकले आणि या गाडीमुळेच मला नोकरी लागली."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं आणि बोलकीला त्याचा अभिमान होता. नोकरी लागली ती याच गाडीवर, एवढंच सांगायचं राहायचं. शहरातलं तीन महिन्यांचं प्रशिक्षण संपल्यावर तिच्या तुकडीतल्या एकोणीस जणांच्या तोंडाला पानं पुसली गेली होती. विसावी ती. 'तू छान बोलतेस' म्हणून मॅडमनी तिच्या हातात माइक दिला. त्यानंतर चार वर्षांत चार तुकड्या गेल्या आणि जशा गेल्या तशा परत आल्या. कंपन्यांना अपंग माणसं हवी होती, पण दिवसभर उभी राहणारी आणि जिने चढणारी. बाकीच्यांचं काय झालं, हे विचारायचं गावोगावच्या लोकांना सुचत नसे, त्यामुळे बोलकीवर खोटं बोलायची वेळ येत नसे. अंग चोरून खरं बोलण्यात ती तरबेज झाली होती.

घरी पूर्वी वहिनी तिचं ताट पायाने सरकवायची. नोकरी लागल्यापासून 'ताई, आधी तुम्ही बसून घ्या' म्हणायला लागली. हे सगळं नेमणुकीच्या एका कागदावर उभं होतं. तो कागद दरवर्षी नवा व्हायचा, पण तुकडीत वीस नावं भरली तरच.

यंदा एकोणीस भरली होती. आजचं गाव शेवटचं होतं.

आणि या गावात चेनवाली होती. औषधाच्या दुकानाच्या जिन्याखाली, बसथांब्याला लागून, चाकांच्या पाटावर अकरा वर्षं बसून लोकांच्या दप्तरांच्या आणि बॅगांच्या चेनी दुरुस्त करणारी. चिमटा, मेणाचा तुकडा आणि डबाभर सुटे रनर, एवढा तिचा संसार. कितीही हट्टी चेन असो, हिच्या हातात आली की निमूट चालायची.

दोघी शाळेत असताना एकाच वसतिगृहात वाढलेल्या. तिथे जेवणघराकडे मोठा उतार होता. तोंड पुढे केलं की पाट पळायचा, म्हणून चेनवाली कठड्याला धरून पाठमोरी उतरायची. खाली पाण्याचा टँकर वळायचा. बोलकी खाली उभी राहून बघायची आणि 'मोकळं आहे, ये' म्हणायची. मग चेनवाली कठडा सोडून द्यायची. सहा वर्षांत तिला एकदाही खरचटलं नाही.

आता ती पाट ढकलत गाडीच्या पायरीपाशी आली.

"माइकवरचं ऐकलं," ती म्हणाली. "ते सगळ्यांसाठी झालं. आता मला सांग."

"काय सांगू?"

"मी तीन महिने शहरात गेले तर जिन्याखालची जागा काही राहायची नाही. औषधवाल्याचा मेहुणा मोबाइलची कव्हरं घेऊन टपूनच बसलाय. दादा म्हणतो, किती दिवस रस्त्यावर बसणार, खुर्चीवरची नोकरी घे." ती हसली. "मला खुर्चीवर चढवणार कोण, ते मात्र सांगत नाही."

मॅडम पेनाचं टोपण काढून बसल्या होत्या आणि त्यांचे कान इकडेच होते. डॉक्टर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होते. त्यांनी एकदा बोलकीकडे बघितलं आणि पुन्हा पट्ट्यात डोकं घातलं. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. पण त्यांचं मलम खरं होतं आणि तेवढ्यावर त्यांना शांत झोप लागायची.

"तुला लागली ना नोकरी?"

"लागली."

"ते दिसतंच आहे. मी माझं विचारतेय. मी अजून पाठमोरीच आहे गं. तिकडे काय आहे ते तू बघितलंयस. मोकळं आहे का?"

 एखादं खरं वाक्य सापडतंय का, ते बोलकी शोधत राहिली. 'मॅडम फार धडपडतात' हे खरं होतं. 'शिकवतात चांगलं' हेही खरं होतं. पण हिने ते विचारलंच नव्हतं. 'नको येऊस' म्हणायला कितीसा वेळ लागणार होता, पण मग विसावं नाव कुठून आणायचं? तिला वहिनीचा पाय आठवला. तिला चेनवालीचाच राग आला. एवढ्या गावांत कुणी विचारलं नाही, ते हिलाच का सुचावं?

"मोकळं आहे," बोलकी म्हणाली. "ये."

चेनवालीने पुढे एक शब्द विचारला नाही. बोटांचं काळं वंगण ओढणीला पुसलं आणि सही केली. मॅडमनी जाता जाता बोलकीच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच आठवड्यात कागद नवा झाला.

पाच महिन्यांनी गाडी पुन्हा त्या गावात आली. जिन्याखाली रंगीबेरंगी कव्हरं लटकत होती. चेनवाली डॉक्टरांच्या रांगेत होती. शहरात तिची सोय तिसऱ्या मजल्यावर केली होती आणि तिला पोत्यासारखं उचलून वरखाली नेत असत. तिथल्या कडक बाकावर बसून बसून कमरेखाली व्रण झाला होता. नोकरीचं अजून कुणी कळवलं नव्हतं. डॉक्टरांनी मलम दिलं.

बोलकी कुबडी टेकत तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. चार शिव्या खायची तिची तयारी होती. खरं तर तिला त्या हव्याच होत्या.

"तुला दिसलं नसेल," चेनवाली म्हणाली. "एवढ्या लांबचं कसं दिसणार? दादालाही मी तेच सांगितलं."

'मला दिसत होतं,' एवढंच म्हणायचं होतं. आता तर वीस नावांचाही प्रश्न नव्हता.

"नाही दिसलं गं," बोलकी म्हणाली.

ड्रायव्हरने भोंगा बंद करून माइक तिच्या हातात दिला. रांगेतली माणसं मान वर करून बघायला लागली, त्यांत चेनवालीही होती. बोलकीने घसा साफ केला.

"मीही तुमच्यासारखीच," ती म्हणाली.