पुण्याला गेलेली शलाका

ही गोष्ट १९९४ सालची. बंगलोरच्या बसवनगुडीत तेव्हा चार वाजले की रस्त्यांवर झाडांच्या सावल्याच काय त्या हिंडत असत. तिथे प्रमोदिनीबाईंच्या घरी मात्र मोठा घोर लागला होता. त्यांची शलाका इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी गणितात नापास झाली होती, आणि खापर फुटले होते थ्रोबॉलवर. तिच्यासह निरनिराळ्या कॉलेजांतल्या सात पोरी रोज संध्याकाळी मैदानावर जमत, जाळीवरून चेंडू फेकत, झेलत, हसत. ना स्पर्धा, ना बक्षीस. मग उपयोग काय? बाईंनी खेळ बंद केला. पोरी बोलवायला आल्या, तर शलाका पुण्याला मावशीकडे शिकायला गेली, असे सांगून टाकले.

पोरी पुन्हा आल्या नाहीत. शलाका पुस्तक उघडून बसे, पान तेच. जेवण सुटले, झोप उडाली. "आई, कुणाला माझी आठवणसुद्धा नाही गं," एवढेच ती एकदा म्हणाली. खरे बाईंच्या ओठांवर आले, पण त्यांनी ते गिळले.

दोन महिन्यांनी मैदान सांभाळणारे यल्लाप्पा दारात आले. मूळचे बेळगावकडचे, निवृत्त ड्रिलमास्तर.

"अक्का, शलाका पुण्याहून कधी येणार? पोरी तिची जागा दुसरीला देईनात."

शलाका दारामागेच उभी होती. तिने आईकडे पाहिले. रागाने नव्हे, फार दुरून पाहावे तसे.

"मी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "अभ्यास व्हावा म्हणून."

"मग झाला?" यल्लाप्पांनी हळूच विचारले. "डोक्यात दिवसभर भरायचं, अन् संध्याकाळी स्वल्प मोकळं करायचं नाही? खेळ थांबला की आधी हसणं जातं अक्का, मग झोप. अभ्यास कुठला राहतोय!"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः लेकीला घेऊन मैदानावर गेल्या आणि पोरींपुढे चूक कबूल केली. शलाकाच्या हातून पहिलाच चेंडू निसटला.

"पुण्यात चेंडू मिळत नाहीत वाटतं!" पोरींतली सिद्धी ओरडली.

शलाका हसली. कलत्या उन्हात चेंडू पुन्हा वर गेला, आणि बाईंना वाटले, तो खाली येऊच नये.

शलाकाची झोप परतायला डॉक्टरांचीही मदत घ्यावी लागली. त्यात मायलेकींनी लाज मानली नाही.

शलाका एक वर्ष मागे पडली, पण पास झाली. आज ती पूल बांधते. सिद्धी म्हैसूरला शिकवते. यल्लाप्पा आता नाहीत. आता बंगलोरच्याच जे. पी. नगरात राहणाऱ्या प्रमोदिनीबाई नव्या आयांना सांगतात, की मुलांचे गुण पुन्हा मिळवता येतात, पण त्यांच्या संध्याकाळी आपण काढून घेऊ नयेत.