माझ्यावरून पडलेली माणसं

मी पोलीस ठाण्यातलं स्टूल बोलतोय. हसू नका. ज्यांना तोंडं आहेत त्यांनी ती मिटून घेतली, म्हणून लाकडाला बोलायची पाळी आली.

मला घडवलं एका चिडक्या सुताराने. लाकूड सागवानी, चारही पाय खाचेत घट्ट बसवलेले. काम झाल्यावर तो स्वतः माझ्यावर चढला आणि थयथय नाचला. बायको म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला?" तो म्हणाला, "उद्या कुणी यावरून पडलं तर शिव्या मलाच बसतील ना!" असा माझा बाप.

ठाण्यात मला आणलं ते कपाटाच्या वरच्या फळीवरचे कागद काढायला. दिवा बदलायचा असला, जाळी झाडायची असली, की माझी आठवण व्हायची. तिथला कारकून म्हणजे चांगला भरभक्कम ऐवज. तोही माझ्यावर चढायचा आणि मी हूं की चूं करत नसे. ते दिवस सुखाचे होते.

मग मोठ्या साहेबांच्या हुकमाने मला मागच्या खोलीत नेलं. तिथे चौकशी चालायची. खोलीला खिडकी नव्हती, नळ मात्र होता, आणि भिंतींना तेलरंग, धुवायला सोपा. मला वाटलं, आता माझ्यावर माणसं बसतील. कसलं काय! त्या खोलीत माझ्यावर एकही माणूस बसला नाही. हवालदार माझ्यावर चहाचा पेला ठेवायचा आणि मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचा, कारण हात चालवताना काच फुटते. माणूस खाली फरशीवर असायचा.

एकदा एका हातगाडीवाल्याचा जबडा मोडला. दवाखान्यात काय सांगायचं यावर बराच खल झाला. हवालदाराने खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "स्टुलावरून पडला," तो म्हणाला. सगळे खो खो हसले. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं, आणि मग ती सवयच पडली. फासळी गेली, स्टुलावरून पडला. दात गेले, स्टुलावरून पडला. "याला जरा स्टुलावर बसवा रे," असं साहेबांनी म्हटलं की शिपाई दार लावून घ्यायचे.

अशात त्यांनी एका रंगाऱ्याला आणलं. तो कुठल्याशा बंगल्याला बाहेरून रंग देत होता आणि आत मालकिणीची सोन्याची साखळी हरवली होती. त्याच्या कानांवर, भुवयांवर पांढरे शिंतोडे तसेच होते.

"साहेब, मी परांचीवर होतो हो. खिडक्या बंद होत्या. आत हात घालू कसा?"

हवालदाराने घड्याळ काढून माझ्यावर ठेवलं.

पट्टा तळपायांवर पडत होता. हवालदार दमला की थांबून चहा प्यायचा, पेला माझ्यावर ठेवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. रंगारी पाणी मागत होता. नळ चालू होता, पण तो फरशी धुण्यासाठी. "आधी साखळी, मग पाणी," हवालदार म्हणाला. संध्याकाळी रंगारी बोलेनासा झाला. "नाटकं करतोय साला," म्हणून हवालदाराने त्याला बुटाने ढोसलं. ते नाटक नव्हतं.

साखळी दुसऱ्या दिवशी त्याच बंगल्यात उशीच्या अभ्र्यात सापडली. मालकिणीने फोन केला तेव्हा साहेबांनी तिचं अभिनंदन केलं.

रंगाऱ्याची थोरली बहीण कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. आईमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. ती रोज येऊन फाटकाशी उभी राहू लागली. "मला भरपाई नको. तुमच्यातल्या एकाने तरी म्हणा, आम्ही मारलं. मग मी जाते," एवढंच तिचं म्हणणं. एवढंच कुणाला देता येत नव्हतं. शेवटी वर्तमानपत्रवाले आले आणि वरून चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी हवालदाराने एका शिपायाच्या हातात करवत दिली.

शिपाई मला उलटं करून म्हणाला, "पण चांगलं मजबूत आहे की हो हे."

"तेच तर दुखणं आहे. काप एक पाय बोटभर."

शिपायाने माझा पाय कापला. दुखलं मला, खोटं कशाला सांगू? मग ताजं लाकूड दिसू नये म्हणून त्याने चहाचा चोथा चोळून ती जागा काळी केली.

चौकशीचे अधिकारी मोठे सौम्य, बोलणं अगदी लोण्यासारखं. त्यांनी मला बोटाने ढकललं. मी डुगडुगलो. "अरेरे," ते म्हणाले. "यावरून तोल जाऊन डोकं आपटलं असणार."

बहीण तिथेच होती. "साहेब, माझा भाऊ चौथ्या मजल्याच्या उंचीवर फळकुटावर उभा राहून विडी ओढायचा. तो या एवढ्याशा स्टुलावरून पडला?"

"ताई, तुम्हीच बसून बघा ना," हवालदार म्हणाला.

ती बसली. मी उरलेल्या तीन पायांचा सगळा जोर लावला. देवाशपथ लावला. पण ती जराशी मागे रेलली मात्र, मी कललो आणि ती धाडकन फरशीवर आपटली. कोपर फुटलं.

"बघा साहेब, बघा!" हवालदाराला आनंद मावेना.

तिला उठवायला एक हात पुढे आला नाही. ती आपली आपण उठली आणि पदराने कोपर दाबून धरलं.

"पडले मी. सगळ्यांदेखत पडले. आता सांगा साहेब, मेले का मी? आणि माझे तळपाय बघता का, वळ उठलेत का ते?"

अधिकाऱ्यांची लेखणी थांबली. मला वाटलं, आता लिहितील. ते कारकुनाकडे वळून म्हणाले, "बाईंना पाणी द्या. धक्क्यात आहेत." तिचं एक वाक्यही त्यांनी टिपून घेतलं नाही.

निकाल लागला. मोडकं सामान वापरात ठेवल्याबद्दल हवालदाराला समज देण्यात आली आणि मला धोकादायक ठरवून अंगणात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

तिथे उन्हापावसात पडून माझ्या पायावरचा चहा धुऊन गेला. आज सकाळी बहीण भावाच्या चपला आणि ब्रश न्यायला आली, तेव्हा मी उताणा पडलो होतो. शिवणारीची नजर! ती खाली बसली, चारही पाय हाताने चाचपले. तीन झिजून गुळगुळीत झालेले, आणि चौथा आखूड, सपाट कापलेला.

सामान द्यायला तोच शिपाई होता. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"ताई, मला पोरंबाळं आहेत," तो पुटपुटला.

"मी वकिलाला घेऊन येते. तोवर याला हात लावू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

त्याने मान डोलावली. ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि तो तडक हवालदाराकडे गेला.

आता माझ्याभोवती रद्दी रचली आहे. रॉकेल ओतून झालंय. "सागवान आहे, मस्त पेटेल," हवालदार म्हणतोय. काडी शिपायाच्याच हातात दिली आहे. तो फाटकाकडे बघतोय, पण काडी तो ओढणारच. फाटकाशी तिचा आवाज येतोय, सोबत कोणी पुरुषही बोलतोय. त्यांना बाहेरच थोपवलंय. "बसा ना बाई, साहेब जेवताहेत," असं कोणीतरी सांगतंय. ती म्हणते, "मी बसणार नाही."

ऐकताय ना तुम्ही? फाटक ढकलून आत या. मला वाचवू नका, मी तसाही कामातून गेलोय. तो आखूड पाय तेवढा उपटून काढा आणि पळत जाऊन तिच्या हातात द्या. पेटला असला तरी द्या, ती धरेल.