ओढ्याअलीकडचं इंजिन

मित्रांनो, ज्याच्या पाठीवर बसून तुम्ही रोज चिंचा खाता, ते मी एक जुनं, गंजकं ऑइल इंजिन आहे. माझ्या कुशीला पितळेची पट्टी आहे. तिच्यावर कोरलंय, 'माळवस्तीच्या विहिरीसाठी सप्रेम भेट.' ते वाचून मला अजून हसू येतं, आणि मग राग येतो.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. बाहत्तरच्या दुष्काळाने इकडची रानं करपली, हे तिकडच्या एका धर्मादाय संस्थेला कळलं. तिकडच्या शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले आणि त्यातून मला घेतलं. बोटीने मुंबई, मालगाडीने दौंड आणि तिथून बैलगाडीने वरवंडच्या पुढे, या गावात मी आलो.

माझी खरी मालकीण सोजराबाई, ओढ्यापलीकडच्या माळवस्तीतली, म्हणजे बौद्धवस्तीतली. दुष्काळात संस्थेने धान्य दिलं आणि त्यावर वस्तीतल्या घरांनी आपल्या माळावर विहीर खणली. पाणीही लागलं. पण ते होतं खोल, आणि मोटेला बैल आणायचे कुठून? म्हणून मला धाडलं होतं. सोजराबाईने माझ्या टाकीवरून हात फिरवला आणि जावेला म्हणाली, "आता आपल्याच रानात कांदा करायचा. दुसऱ्याच्या बांधाला खुरपं घिऊन जायचं न्हाई." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पण उद्घाटनाच्या वेळी माशी शिंकली. संस्थेचा गोरा साहेब येणार होता, ओढ्याला चिखल होता आणि त्याची जीप पलीकडे जाणार नव्हती. गावचे बडे बागाईतदार बापूसाहेब, ते स्वतः चालत वस्तीत आले. "पाव्हण्याला काय चिखल तुडवाया लावायचा? गावाची अब्रू जाईल. सध्या माझ्या हिरीवर बसवू. पाव्हणा गेला की न्या." पाहुण्याचं नाव काढलं की आपली माणसं विरघळतात. वस्तीही विरघळली. चौथऱ्याचे दगड वस्तीनेच वाहिले, वाळू सोजराबाईने डोक्यावरून आणली. माझे पाय सिमेंटात बोल्टांनी आवळले. साहेबाने नारळ फोडला, फोटो निघाला. फोटोत सोजराबाई माझ्या शेजारी उभी आहे.

पाहुणा गेला. वस्ती भाड्याची बैलगाडी घेऊन मला न्यायला आली. बापूसाहेब बाजेवर बसून पान लावत होते.

"इंजिन तुमचंच हाय, सोजराबाई. म्या कवा न्हाई म्हणलो? पर चौथरा माझ्या रानात हाय. त्याला पहार लावायची न्हाई."

"दगड आमीच वाहिलं की, बापूसाहेब."

"मंग? रान तुमचं झालं व्हय?"

गाडी रिकामी परत गेली. मी किती आरडाओरडा केला! पण आमचं ओरडणं म्हणजे धकधक, आणि त्या धकधकीवर बापूसाहेबांचा ऊस वाढत होता. पुढे त्याच उसात सोजराबाई रोजाने खुरपायला येऊ लागली. ती माझ्याकडे बघत नसे.

काही वर्षांनी साहेब परत आला. मी म्हटलं, चला, आता न्याय होणार. हिरवागार ऊस बघून स्वारी खूश झाली. तेवढ्यात सोजराबाई जीपच्या आडवी उभी राहिली. "सायेब, एवढा वढा वलांडून या. आमची हीर बघून जावा." तिने हात केला तिकडे साहेबाने बघितलं. मग आपल्या बुटांकडे बघितलं. बापूसाहेब म्हणाले, "चला, जेवणं निवत्यात." साहेबाला मराठीतला एकच शब्द येत होता. "नमस्कार," तो हात जोडून म्हणाला आणि जीपमध्ये बसला. बापूसाहेबांचं मी एक वेळ समजू शकतो, मित्रांनो. पण हा तर मला पाठवणारा माणूस होता.

मग वीज आली. बापूसाहेबांनी मोटार बसवली आणि वस्तीत निरोप धाडला, "आपलं इंजिन घिऊन जावा, हितं अडचण होती." चौथऱ्याला पहार त्यांच्याच गड्यांनी लावली. कामापुरता मामा म्हणतात ते हेच.

वस्तीने मला ओढा पार करून आणलं, तेव्हा ती विहीर मी पहिल्यांदा बघितली. पाणी होतं, चांगलं भरपूर होतं. सोजराबाईचा दीर हरिबा याने हँडल मारलं. थांबून परत मारलं. मी जीव खाऊन जोर केला, पण दुसऱ्याच्या उसापायी माझं सगळं आतडं झिजलं होतं. थोडा काळा धूर निघाला आणि मी गप्प झालो, तो आजतागायत.

सोजराबाईने माझी पट्टी पदराने पुसली. "तुजी काय चूक, बाबा," म्हणाली. मग खुरपं उचललं आणि ओढा ओलांडून बापूसाहेबांच्या उसात गेली.

मित्रांनो, माझा गंज नाही पुसलात तरी चालेल. पण मोठेपणी कुणाला काही द्यायला निघालात, तर गाडी थांबते तिथे थांबू नका. बूट हातात घ्या, ओढ्यात उतरा आणि त्या माणसाच्या विहिरीपर्यंत जा.